अठ्ठेचाळीस किलो

“पंचेचाळीस,” फडतरेसाहेब म्हणाले आणि मला काट्यावरून उतरायची खूण केली. “बाई, नाही जमणार.”

काटा धान्याच्या गोदामात असतो तसला होता. ग्लायडरच्या शेडबाहेर कडुनिंबाखाली मांडलेला. त्यावर मी भाचीचा पंजाबी ड्रेस घालून उभी होते. आयुष्यात पहिल्यांदा. साडी नेसून ग्लायडरमध्ये बसता येत नाही, असं आधीच सांगितलं होतं.

“पंचेचाळीस म्हणजे कमी?” मी विचारलं.

“प्रवासी पुढच्या सीटवर बसतो, मी मागे. पुढे वजन कमी पडलं तर विमानाचं नाक ताब्यात राहत नाही. शिशाच्या पट्ट्या बसवून दहा किलो भरून काढतो, त्याहून जास्त बसत नाहीत. त्या धरूनही माणूस अठ्ठेचाळीसचा लागतो.”

“तीन किलोंनी काय होतंय?”

“तुम्ही शाळेत शिकवता ना? पस्तीसला पास. बत्तीस पडले तर काय करता?”

मी काट्यावरून उतरले. बत्तीसला मी नापासच करत असे.

गोष्ट सत्त्याऐंशी सालची. धामणवस्तीच्या शाळेत मी सातवीला शिकवत होते. गावापासून चार मैलांवर माळावर जुनी धावपट्टी होती आणि तिथे शनिवार-रविवारी ग्लायडर उडायचे. हिवाळा सरला की ते आमच्या शाळेवरून जात. पांढरे, लांब पंखांचे, आवाज न करणारे. वर्गातली बावीसच्या बावीस पोरं खिडकीकडे धावायची आणि माझा भागाकार फळ्यावर अर्धाच राहायचा.

“बाई, त्याला इंजन न्हाई, मग पडत कसं न्हाई?” दिगंबरनं एकदा विचारलं.

मी सांगितलं. काळी जमीन तापते, तिच्यावरची हवा तापते, हलकी होऊन वर चढते. घार तिच्यावरच पंख न हलवता तरंगते. ग्लायडरही तसाच. मी मेणबत्तीवर कागदाची चकती फिरवून दाखवली. मुलं खूश झाली.

खिडकीजवळच्या बाकावर सगुणा लोखंडे बसायची. हजेरीत सतरा नंबर. काटकुळी, पण बोलायला लागली की समोरच्यानं उत्तर तयार ठेवावं अशी.

“बाई, ती वर चढणारी हवा तुमी बघितलीय?”

“नाही.”

“मग तुमाला कसं ठाव?”

“पुस्तकात आहे.”

“पुस्तक लिवणाऱ्यानं तरी बघितलीय का?”

वर्ग हसला. मी हसले नाही. अठरा वर्षं मी हा धडा शिकवत होते आणि अठरा वर्षांत हा प्रश्न मला स्वतःला पडला नव्हता. मी म्हटलं, “मी जाऊन बघते आणि तुला सांगते.” मुलांना दिलेला शब्द मोडायचा नाही, एवढी एकच शिस्त मी स्वतःला लावून घेतली होती. म्हणून मी त्या काट्यावर उभी राहिले होते.

सोमवारी वर्गात गेले तर सगळे वाट बघत होते.

“नाही घेतलं,” मी म्हणाले. “तीन किलो कमी भरले.”

“बाई, तुमी जेवत जा की,” मागून दिगंबर म्हणाला.

“आठवड्यात तीन किलो कसे वाढतील?”

दिगंबर उठला. त्याच्या बापाचं किराण्याचं दुकान होतं, त्यामुळे वजनाच्या प्रश्नात तो स्वतःला मोठा समजायचा. “बाई, तीन किलो आमी देतो. बावीस जणं हाय. एकेकानं दीडशे ग्रॅमचा दगड आणायचा. तुमी कमरंला बांधायचे.”

मी त्याला खाली बसवायला हवं होतं. पण मी मनातल्या मनात गुणाकार केला. बावीस गुणिले दीडशे, तीन किलो तीनशे ग्रॅम. मग विचार केला, विमानाला काय कळतं? वजन ते वजन. शिसं असो, हाडं असोत की ओढ्यातला गोटा. यात खोटं काहीच नाही. मी काही काट्याला फसवत नव्हते, दगड काट्यावरही असणार होते आणि आकाशातही.

शिवाय एक पोर म्हणालं, “म्हंजी आमीबी वर जाणार, बाई.” त्यानंतर मला नाही म्हणवेना.

मुलांनी ओढ्यातून गोटे आणले, दिगंबरच्या दुकानात तोलून घेतले. शाळेची घंटा रंगवून उरलेला निळा तैलरंग होता, त्यानं प्रत्येकानं आपापल्या गोट्यावर हजेरीचा नंबर घातला. मी जुन्या परकराच्या कापडाची रुंद पट्ट्यासारखी पिशवी शिवली. शनिवारी शाळा सुटताना ती टेबलावर ठेवली आणि मुलं एकेक करून दगड टाकून गेली. मी वह्या तपासत होते. नंतर पिशवीचं तोंड शिवून दुकानात तोलली. तीन किलो दोनशे. मी म्हटलं, पुरे झालं.

रविवारी मुलं चालत चार मैल आली. धावपट्टीच्या कडेला दोरी बांधलेली होती, तिच्यामागे रांगेनं उभी राहिली. आमच्यानंतर शहरातून आलेलं एक कुटुंब होतं, नवराबायको आणि आजोबा.

काटा अठ्ठेचाळीसच्या किंचित पुढे गेला. फडतरेसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ते हवाई दलातून निवृत्त झालेले, साताऱ्याकडचे. नको तिथे शब्द खर्च न करणारे.

“आठवड्यात तीन किलो?”

“दिगंबर म्हणाला, जेवत जा.”

“कोण दिगंबर?”

“माझा विद्यार्थी.”

त्यांनी पट्ट्या बसवल्या. मला पुढच्या सीटवर बसवलं. ती सीट म्हणजे जवळजवळ जमिनीवर पाय लांब करून बसणंच. दोन्ही खांद्यांवरून, दोन्ही बाजूंनी पट्टे आले आणि पोटाशी एका बकलात अडकले. साहेबांनी ते करकचून ओढले. पिशवी माझ्या पोटात रुतली.

“समोर दांडी आहे, तिला हात लावायचा नाही. पायाशी दोन पेडलं आहेत, त्यांनी शेपटीचं सुकाणू वळतं. माझ्याकडेही तीच आहेत, आतून जोडलेली. पाय लांब ठेवा.” मग ते थांबले. “खिशात काही सुटी वस्तू? पेन, किल्ल्या, नाणी?”

“खिशात काही नाही,” मी म्हणाले.

खिसे खरंच रिकामे होते. दोरीमागे दोनतीन पोरं खुदकन हसली. त्यांना ते उत्तर फार आवडलं होतं.

वरची काच बंद झाली. काचेवर बाहेरून लाल लोकरीचा एक धागा चिकटवला होता, विमान सरळ चाललंय की तिरकं ते दाखवणारा. धावपट्टीच्या पार दुसऱ्या टोकाला विंच होतं, तारेचा दोर गुंडाळणारं यंत्र. एकानं पंखाचं टोक उचलून धरलं, दोर ताणला आणि तो माणूस पंखाबरोबर धावू लागला. तीन पावलं, चार पावलं. मग तो दिसेनासा झाला, कारण समोर फक्त आभाळ होतं. मी सीटवर पाठ टेकून उताणी पडल्यासारखी वर खेचली जात होते. पट्टे पोटाला काचत होते. आणि त्यातच कापड फाटल्याचा बारीक आवाज आला. मी तो ऐकला. आणि ऐकला नाही असं ठरवलं.

वर खटका वाजला, दोर सुटला, नाक खाली आलं. सगळं शांत झालं. नुसती वाऱ्याची सळसळ.

“हजार फूट,” मागून साहेब म्हणाले. “डावीकडे तुमची शाळा.”

मी पाहिली. काड्यापेटीएवढी. शेजारी ओढा, पुढे नांगरलेली काळी रानं. एका रानावर दोन घारी गोल फिरत होत्या. साहेबांनी तिकडे नाक वळवलं, आणि जवळ जाताच खालून कुणीतरी सीटला तळहात लावून वर उचलावं तसं झालं. आम्ही चढत होतो. इंजिन नाही, काही नाही, आणि चढत होतो.

“ही तुमची हवा,” साहेब म्हणाले.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सगुणाला काय सांगायचं त्याचं पहिलं वाक्य मी मनात जुळवलं.

“बाई, डावं पेडल पूर्ण जात नाही. तुमचा पाय आहे का मध्ये?”

“नाही.”

“नीट बघा.”

मी पाहिलं. पायाशी अंधारं होतं. डाव्या पेडलच्या पुढे, जिथे ते दाबल्यावर जायला हवं, तिथे काहीतरी अडकलं होतं. त्यावर निळा रंग होता. चढताना नाक वर असताना तो मागे घरंगळला असणार आणि नाक खाली आल्यावर पुढे.

“काय आहे?” साहेबांनी विचारलं.

“दगड आहे.”

“कसला दगड?”

“माझा. कमरेला बांधलेला. वजन भरावं म्हणून.”

“एकच?”

“बावीस.”

ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते फक्त म्हणाले, “बाकीचे कुठे आहेत?”

“पिशवीतच आहेत. शिवण थोडी उसवलीय.”

“डाव्या हातानं ती जागा घट्ट दाबून धरा. सोडायची नाही. दुसरा दगड दांडीच्या बुडाशी गेला तर मला काहीच करता येणार नाही. कळलं?”

“कळलं.”

“मी आता फक्त उजवीकडे वळणार आहे. उंची आहे, वेळ आहे. पट्टे सोडायचे नाहीत. हात पोचतो का?”

मी वाकून पाहिलं. पट्ट्यांनी खांदे मागे खेचून धरले होते. “नाही.”

“मग?”

आता माझी एक खोड सांगायला हवी. वर्गात खडू खाली पडला तर मी वाकत नाही. चप्पल काढते, अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात खडू पकडते, पाय वर घेते आणि हातात देते. आई भात लावताना पडलेली रोपं अशी उचलायची, तिचं बघून लागलेली सवय. मुलं माझी नक्कल यावरूनच करायची.

“पायानं काढते,” मी म्हणाले.

“बूट आहेत.”

“काढते.”

एका पायानं दुसऱ्या पायाचा कॅनव्हासचा बूट ढकलून काढायला किती वेळ लागला सांगता येत नाही. बाहेर एक घार आमच्या पंखाच्या शेजारून गेली असावी, साहेब तसं काही म्हणाले. मी पाहिलं नाही. अंगठा गोट्याला लागला. गोटा गुळगुळीत होता, निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला.

“आठशे फूट,” साहेब म्हणाले. वर्गात फळ्यावर अडलेल्या मुलाला मी ज्या आवाजात थांब म्हणते, त्या आवाजात. “सावकाश.”

“पेडल थोडं मागे घेता येईल?”

“घेतो. सांगा, आता.”

“आता.”

जागा झाली. मी गोटा टाचेकडे ओढला, बोटांत धरला आणि गुडघा दुमडून पाय मांडीवर आणला. हातात घेतला. चार नंबर. दिगंबरचा.

“निघाला.”

साहेबांनी डावं पेडल शेवटपर्यंत दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. लोकरीचा धागा काचेवर एका बाजूला गेला आणि परत मध्यावर आला.

“ठीक आहे,” ते म्हणाले. मग नाक धावपट्टीकडे वळवलं.

चाक जमिनीला लागलं, ग्लायडर थांबला, एक पंख हळूच गवतावर टेकला. मुलं दोरी ओलांडून धावत आली.

“बाई, काय दिसलं?”

“माझा पाय,” मी म्हणाले.

मुलं हसली. मी हसले नाही, तेव्हा गप्प झाली. शहरातलं कुटुंब पुढे सरकलं होतं, त्यांचा नंबर होता. साहेबांनी हात वर केला.

“आज उड्डाण बंद. हे विमान तपासल्याशिवाय उडणार नाही.” मग माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, “कारण तुम्ही सांगता की मी सांगू?”

त्यांनी सांगितलं असतं तर मुलांसमोर माझी थोडी तरी झाकपाक केली असती. तेवढे ते भले होते.

“मी सांगते,” मी म्हणाले.

मी अनवाणी उभी होते, एका हातात बूट, दुसऱ्यात दगड. मी सगळं सांगितलं. साहेबांनी काय विचारलं होतं, मी काय उत्तर दिलं. “खिसे रिकामे होते हे खरं. पण त्यांनी जे विचारलं होतं त्याचं उत्तर मी दिलं नाही. त्यामुळे आज साहेब आणि मी दोघंही मेलो असतो.” कुटुंबातले आजोबा काठी टेकत सावलीत जाऊन बसले. मुलांच्या माना खाली होत्या. दिगंबर रडत होता.

“किती होते?” साहेबांनी विचारलं.

“बावीस.”

“मोजा.”

त्यांनी गवतावर पांढरी चादर अंथरली. तिथली रीतच तशी होती. हत्यारं कामाआधी चादरीवर मोजून ठेवायची, कामानंतर मोजून उचलायची, आणि पाना एक जरी कमी भरला तरी विमान जागचं हलवायचं नाही. मी पिशवी उसवून गोटे नंबरवार मांडले. हातातला चार नंबर त्याच्या जागी ठेवला.

एकवीस.

सोळानंतर अठरा होता.

“सगुणा,” मी म्हणाले, “तुझा दगड केवढा होता?”

तिनं मूठ पुढे केली. “एवढा.”

साहेबांनी सीट काढली. खालचे पत्रे खोलले. बॅटरी आणि छोटा आरसा घेऊन ते विमानाच्या पोटात डोकं घालून पडले. दांडीपासून शेपटीपर्यंत जाणाऱ्या सळ्या एकेक करून तपासल्या. आम्ही धावपट्टीवर रांग करून गवत चाचपत गेलो, जिथून उडालो तिथपासून जिथे थांबलो तिथपर्यंत. परत आलो. ऊन तापलं. मुलांना मी पाणी प्यायला पाठवलं. दीड तास झाला. साहेबांचा सदरा पाठीला चिकटला होता.

“आता शेपटी उतरवायला लागेल,” ते म्हणाले. “आज होणार नाही. पुढचा रविवारही गेला.” त्यांनी कुटुंबाकडे पाहिलं. “माफ करा.”

आजोबा काठी टेकत उठले. “मी दर वर्षी म्हणतो, पुढच्या वर्षी येऊ,” ते मुलाला म्हणाले. “चल.”

ते चारपाच पावलं गेले असतील.

“आजोबा, थांबा,” सगुणा म्हणाली.

ती चादरीपाशी आली. परकराच्या खिशातून तिनं गोटा काढला आणि सोळा आणि अठराच्या मधल्या जागेत ठेवला. निळ्या रंगात सतरा.

“पिशवीत टाकला नव्हतास?” मी विचारलं.

“न्हाई. हात घातला आन् तसाच काढला.”

“का?”

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. साहेबांकडे पाहिलं. “दगड जाऊन काय करणार? मला जायाचं व्हतं.”

साहेब पत्र्यावर हात टेकून उठले. हात पुसले. मला वाटलं आता ते बोलतील, आणि बोलले असते तर मी अडवलं नसतं. त्यांनी तिला कडुनिंबाखाली नेलं आणि काट्यावर उभं केलं.

“एकोणतीस,” ते म्हणाले. “अठ्ठेचाळीस झालीस की ये. नुसती तू. दगड नकोत.”

“किती दिस लागतील?”

“ते तुझ्या बाईंना विचार. त्या गणित शिकवतात.”

तासाभरात सीट बसली, पत्रे बसले. आजोबा उडाले. आम्ही सगळे चालत घरी आलो. वाटेत मी सगुणाला सांगितलं की ती हवा खरंच असते, खालून तळहात लावल्यासारखी. तिनं ऐकून घेतलं. “बघीन,” म्हणाली.

तिची सातवी संपली. पुढचं शिक्षण तालुक्याला. नंतर गाठभेट क्वचितच. मी मुलांना शिकवत राहिले, अजूनही शिकवते, घरी ओसरीवर. एक बदल झाला. मुलानं उत्तर दिलं की मी विचारते, हे मी विचारलेल्याचं उत्तर आहे का? मुलं वैतागतात.

त्र्याण्णव साली मार्चमध्ये एक पोस्टकार्ड आलं. अक्षर ओळखीचं होतं, फक्त मोठं झालेलं.

“बाई, अठ्ठेचाळीस भरले. आधी दिगंबरच्या दुकानात, मग दवाखान्यातल्या काट्यावर पण. दोन्हीकडे चपला काढून. रविवारी येता का?”

साहेबांचे केस पिकले होते. काटा तोच होता. त्यांनी वजन वाचलं, मान हलवली, पट्ट्या बसवल्या.

“खिशात काही?” त्यांनी विचारलं.

सगुणानं दोन्ही खिसे उलटे करून दाखवले.

“कमरेला?” हे विचारताना साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

“कमरेला काही नाही. पिशवीत एक आहे.” तिनं खांद्यावरच्या शबनममध्ये हात घालून गोटा काढला. निळा रंग बराच उडाला होता, सातातली एक रेघ शिल्लक होती. तो तिनं माझ्या हातात दिला. “हा खाली राहू दे, बाई.”

काच बंद झाली. त्या दिवशी माणूस कमी होता, म्हणून साहेबांनी मला पंखाचं टोक धरायला सांगितलं. उजव्या हातात पंख, डाव्यात दगड. तारेचा दोर ताणला आणि मी धावू लागले. तीन पावलं, चार पावलं, पाचव्या पावलाला पंख माझ्या बोटांतून आपणहून निघून गेला.